घरात बसून आंतरराष्ट्रीय जैवविविधता धोरणाचं काम कसं करायचं: सावंतवाडीतून लिहितेय

मी सावंतवाडीत राहते आणि माझ्या कामाच्या मीटिंगा फिजीतलं सुवा, नैरोबी, बॉन आणि मॉन्ट्रियलमधल्या माणसांबरोबर होतात. एम.एस्सी. झालेली, वनखात्याच्या प्रोजेक्टवर असलेली, वकिली करणारी बरीच मुलंमुली विचारत असतात की हे घरून कसं काय जमतं, कुठून सुरुवात करायची, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवते. लांबलंय, पण अर्धवट सांगण्यात अर्थ नाही.

आधी हे काम म्हणजे नक्की काय ते. जगातल्या देशांनी जैवविविधतेबद्दल जे कबूल केलंय ते त्या त्या देशाच्या कायद्यात, बजेटमध्ये आणि प्रकल्पांत कसं उतरेल याचे कागद तयार करणं. कधी एखाद्या देशाचा राष्ट्रीय जैवविविधता आराखडा नव्याने लिहायला मदत, कधी कायद्यांचा आढावा घेऊन कुठे फट आहे ते दाखवणं, कधी प्रकल्पाचा प्रस्ताव, कधी वाटाघाटीला जाणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी दोन पानी टिपण. जंगलात फिरणं यात फार कमी, दिवसाचे सहा-सात तास वर्ड फाईल, एक्सेल आणि व्हिडिओ कॉल. हे ऐकून हिरमोड होत असेल तर आत्ताच कळलेलं बरं.

आणि घरून करायचं असेल तर माझ्या अनुभवाने दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे या करारांच्या भाषेतला शब्दन् शब्द वाचता यायला हवा. दुसरं, एक तरी जागा पायाखालची असायला हवी, म्हणजे जिथली माणसं, पाणी, भांडणं तुम्हाला माहीत आहेत अशी. बाकी लॅपटॉप, इंटरनेट, टाइम झोन हे सगळं नंतर जमतं.

कागद वाचायला शिका, आणि हळू शिका

जैविक विविधता करार, ज्याला सगळे सीबीडी म्हणतात, तो 1992 साली रिओच्या परिषदेत सह्यांसाठी खुला झाला आणि 29 डिसेंबर 1993 ला लागू झाला. आज 196 पक्षकार आहेत, अमेरिका त्यात नाही. सचिवालय मॉन्ट्रियलला. या करारातला सध्याचा सगळ्यात महत्त्वाचा कागद म्हणजे 19 डिसेंबर 2022 ला मंजूर झालेला कुनमिंग-मॉन्ट्रियल आराखडा, ज्यात 4 उद्दिष्टं आणि 2030 पर्यंतची 23 लक्ष्यं आहेत. आमच्यात त्याला नुसतं '15/4' म्हणतात, कारण तो कॉप-15 चा, म्हणजे करारातल्या देशांच्या पंधराव्या परिषदेचा, चौथा निर्णय आहे. हा कागद सीबीडीच्या साइटवर फुकट आहे, छापून घ्या, पेन्सिल घ्या आणि रोज एक लक्ष्य वाचा.

नुसतं वाचून कळत नाही, म्हणून एक नमुना दाखवते. लक्ष्य 7 प्रदूषणाचं आहे. जुलै 2021 च्या मसुद्यात कीटकनाशकं किमान दोन तृतीयांशाने कमी करायची असं होतं. अंतिम मजकुरात आलं ते असं, की कीटकनाशकं आणि अतिघातक रसायनं यांच्यापासूनची एकूण जोखीम किमान निम्म्याने कमी करायची. वरवर वाटतं आकडा थोडा खाली आला, एवढंच. पण आकड्यापेक्षा 'जोखीम' हा शब्द जास्त महत्त्वाचा आहे. देवगडच्या एखाद्या आंबा बागायतदाराचा विचार करा, मोहरावर तुडतुडे आले की तो फवारणी करतो. फक्त प्रमाण मोजायचं असेल तर किती लिटर मारलं, किती फवारण्या झाल्या एवढंच बघायचं. जोखीम मोजायची तर कुठलं औषध, किती विषारी, मोहरावर माश्या-मधमाश्या असताना मारलं का, पाऊस पडून ते ओढ्यात गेलं का, हे सगळं बघावं लागतं. म्हणजे देशाने कुठली माहिती गोळा करायची, कुठल्या खात्याला कामाला लावायचं, पैसे कशावर घालायचे, हे सगळं एका शब्दाने बदललं. धोरण सल्लागाराची रोजीरोटी असल्या शब्दांवरच चालते.

क्रियापदंही तशीच. निर्णयात 'ठरवते' असेल तर ते पक्कं, 'विनंती करते' बहुतेक वेळा सचिवालयाला उद्देशून, 'आवाहन करते', 'उत्तेजन देते', 'निमंत्रण देते' अशा पायऱ्या खाली उतरत जातात. 'राष्ट्रीय परिस्थितीनुसार' असं आलं की समजा कोणीतरी रात्री दोन वाजता ते आत घालून घेतलंय. मसुद्यात चौकोनी कंस दिसले की तेवढा मजकूर अजून मान्य झालेला नाही. एकाच परिच्छेदाचे तीन मसुदे शेजारी शेजारी लावून कंस कुठे उघडले आणि कुठे मिटले ते बघायची सवय लावा, महिनाभरात नजर तयार होते.

माझी स्वतःची एक पद्धत आहे, अवघड कलम आधी मराठीत कोणाला तरी सांगून बघायचं. नागोया प्रोटोकॉल, 2010 चा, जनुकीय संसाधनांपासून होणाऱ्या फायद्याच्या न्याय्य वाटणीचा, तो मी माझ्या सासूबाईंना सांगत होते. म्हटलं, आई, एखाद्या कंपनीने इथल्या झाडापासून औषध केलं तर त्या फायद्यातला वाटा झाड राखणाऱ्यांना मिळायला हवा असा तो करार आहे. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "पण वाटो कोणाक मेळतलो? सरकाराक काय गावाक?" मी ज्या देशाच्या कायद्याचा आढावा घेत होते त्यात नेमकं हेच लिहिलेलं नव्हतं. माझ्या अहवालातली पहिली शिफारस तीच झाली.

पायाखालची जागा

आपल्याकडे ही सोय चांगली आहे आणि लोक ती वापरत नाहीत याचं मला खरंच वाईट वाटतं. 2002 च्या जैविक विविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी, आणि त्या समितीने लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते. या नोंदवहीच्या कल्पनेमागे माधव गाडगीळांचं मोठं काम आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत जा, नोंदवही मागा, वाचा. काही ठिकाणी ती सुंदर असते, काही ठिकाणी शेजारच्या गावाची कॉपी असते, दोन्हींतून शिकायला मिळतं. समितीच्या दोन-तीन बैठकांना नुसतं बसलात तरी 'लोकसहभाग' हा शब्द नंतर लिहिताना हात जरा थांबतो.

माझ्यासाठी ती जागा म्हणजे दोडामार्ग तालुक्यातलं बांबर्डे. तिथे देवराईत मायरिस्टिका स्वॅम्प आहे, रानटी जायफळाच्या कुळातली झाडं पाण्यात उभी आणि त्यांची मुळं गुडघा वाकवल्यासारखी चिखलातून वर येऊन परत खाली गेलेली. आता ते राज्याचं जैवविविधता वारसा स्थळ आहे. पण ते टिकलं कोणामुळे, तर देवाची राई आहे, तिथे कोयता लावायचा नाही असं मानणाऱ्या गावामुळे. 2018 च्या कॉप-14 मध्ये 'ओईसीएम' नावाची व्याख्या ठरली, म्हणजे संरक्षित क्षेत्र नाही पण तरीही जिथे दीर्घकाळ जैवविविधता राखली जाते अशी जागा. 2030 पर्यंत 30 टक्के जमीन आणि 30 टक्के समुद्र राखायचं जे लक्ष्य 3 आहे त्यात या जागा धरता येतात. इंटरव्ह्यूमध्ये मला ओईसीएमबद्दल विचारलं तेव्हा मी व्याख्या सांगितलीच, पण पुढे हेही सांगितलं की देवराई यादीत घालायच्या आधी गावाला विचारायला हवं, कारण यादीत नाव गेलं की खातं येतं, पाटी लागते, आणि कधीकधी ज्यांनी राखलं त्यांनाच आत जायला परवानगी लागते. ते काम मला मिळालं. नंतर कळलं की बाकीच्यांनी व्याख्या माझ्याहून चांगली सांगितली होती.

तेव्हा पहिली दोन-तीन वर्षं तरी कुठल्यातरी स्थानिक संस्थेत, खात्याच्या प्रोजेक्टवर किंवा प्राध्यापकाबरोबर फील्डवर घाला. थेट घरून सुरुवात करू नका, हे मी कितीही जणांनी नाराज होऊन विचारलं तरी बदलणार नाही.

दार कुठून उघडतं

कोणी ओळखत नसताना नाव कसं होणार, तर काही जागा खरोखर खुल्या आहेत. आयपीबीईएस, म्हणजे जैवविविधतेवरचं आंतरशासकीय विज्ञान-धोरण व्यासपीठ, ज्यांच्या 2019 च्या अहवालातला सुमारे दहा लाख प्रजाती धोक्यात हा आकडा सगळीकडे फिरला, ते आपल्या अहवालांचे मसुदे तज्ज्ञांना परीक्षणासाठी खुले ठेवतात. नाव नोंदवायचं, तुमच्या विषयाचं एकच प्रकरण घ्यायचं आणि ओळ क्रमांक देऊन नेमक्या सूचना करायच्या. पैसे नाहीत, पण अहवाल कसा घडतो ते आतून दिसतं आणि सीव्हीत लिहायला खरी गोष्ट मिळते. आययूसीएनच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, तज्ज्ञ आयोगांचं सदस्यत्व पण स्वयंसेवी असतं, संरक्षित क्षेत्रांचा वेगळा, प्रजातींचा वेगळा. तरुण असाल तर जीवायबीएन हे जागतिक युवा नेटवर्क आहे, तिथली पोरं वाटाघाटींचा मजकूर फार बारीक वाचतात.

लेखनाचा नमुना तयार ठेवा. दोन पानं, जास्त नाही. भारताने 2024 च्या ऑक्टोबरअखेर कॉप-16 मध्ये आपला सुधारित राष्ट्रीय आराखडा जाहीर केला, त्यातलं एक लक्ष्य घ्या आणि ते तुमच्या जिल्ह्यात करायचं तर कुठलं खातं, कुठली योजना, कुठला निधी, कुठे अडेल, एवढंच लिहा. मला लोक थिसिस पाठवतात, तो कोणी उघडत नाही.

आणि प्रकल्पाचा कागद कसा दिसतो हे बघायला लांब जायला नको. जीईएफ, ज्याला बोलताना 'जेफ' म्हणतात, या जागतिक पर्यावरण निधीच्या मदतीने युएनडीपीने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने, सिंधुदुर्ग किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेचा प्रकल्प केला होता. त्याचा मूळ प्रकल्पदस्तऐवज शोधून वाचा. मालवण, रापण, खेकडे, पर्यटन हे तुम्हाला माहीत असल्याने त्यातली कुठली वाक्यं जमिनीवरून आलीत आणि कुठली ऑफिसातून हे लगेच कळतं. जेफची पद्धतही समजून घ्या. आधी छोटा संकल्पनेचा कागद मंजूर होतो, मग पूर्ण प्रस्ताव लिहायला वेगळे तयारीचे पैसे मिळतात, त्याला पीपीजी म्हणतात. घरून करायची बरीच कामं याच टप्प्यावर निघतात, म्हणून जाहिरातीत पीपीजी दिसलं की थांबून वाचायचं.

टीओआर कसा वाचायचा

जाहिराती युएनच्या साइट्सवर, रिलीफवेब, डेवेक्स, इम्पॅक्टपूल, आययूसीएनच्या पोर्टलवर येतात. शब्द 'रिमोट' असेलच असं नाही, युएनवाले 'होम-बेस्ड' लिहितात. खाली एवढे दिवस मिशन असं असतं, म्हणजे तेवढे दिवस त्या देशात जायचं, त्याचा व्हिसा आणि तिकीट कोण काढणार ते बघा.

टीओआर म्हणजे कामाची व्याप्ती आणि अटी सांगणारा कागद, तो मी उलटा वाचते. आधी शेवटची पानं, म्हणजे कोणती कामं कधी द्यायची आणि पैसे कशावर मिळणार. मग मूल्यांकनाची पद्धत, बऱ्याच ठिकाणी तांत्रिक प्रस्तावाला 70 टक्के आणि आर्थिक बोलीला 30 टक्के वजन असतं, म्हणजे स्वस्त बोली लावून काम मिळेल ही समजूत काढून टाका. मग पात्रता, आणि सगळ्यात शेवटी ते वर असलेलं लांबलचक प्रास्ताविक. दिवस मोजा. 25 दिवसांत कायद्याचा आढावा, तीन कार्यशाळा, मसुदा, अंतिम अहवाल आणि कॅबिनेटसाठी टिपण असं असेल तर ते 45 दिवसांचं काम आहे, अर्जातच तसं सभ्यपणे लिहा किंवा सोडून द्या. मी पहिल्या वर्षी असं एक काम घेतलं होतं, अर्धे दिवस फुकट गेले, कोणाला दोष देऊ, मोजलं नव्हतं मीच.

अर्जात टीओआरमधल्या प्रत्येक अटीसमोर तुमचा एक पुरावा, वर्ष आणि तुम्ही स्वतः काय केलं ते. 'टीमने केलं' हे कोणाला नको असतं. फ्रेंच किंवा स्पॅनिश थोडं जरी येत असेल तरी लिहा, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेची कामं त्यावर अडतात. आणि एक, युएनची कुठलीही संस्था नोकरीसाठी पैसे मागत नाही, अर्जाला नाही, ट्रेनिंगला नाही, कशालाच नाही. मागितले की तो फ्रॉड, फोन ठेवून द्या.

वेळ, लाईट आणि घर

नैरोबी आपल्यापेक्षा अडीच तास मागे, ते सगळ्यात सोपं. बॉन आणि रोम हिवाळ्यात साडेचार, उन्हाळ्यात साडेतीन तास मागे. मॉन्ट्रियल आणि वॉशिंग्टन साडेदहा किंवा साडेनऊ, म्हणजे त्यांचे सकाळचे नऊ ते आपले संध्याकाळचे साडेसात किंवा साडेसहा. सुवा साडेसहा तास पुढे. यात फसगत होते ती मार्चमध्ये, कारण अमेरिका-कॅनडा घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे नेतात आणि युरोप शेवटच्या रविवारी, मधले दोन-तीन आठवडे सगळ्या मीटिंगा एकमेकींवर येतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत तेच, पण आठवडाभरच. कॅलेंडरवर यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ आणि भारतीय वेळ दोन्ही लिहायची, तोंडी ठरलेल्या वेळेवर विश्वास ठेवायचा नाही.

सुवा आणि मॉन्ट्रियल एकाच कॉलवर हवे असतील तर सुवाचे सकाळचे आठ म्हणजे आपले रात्रीचे दीड. मी पहिले सहा महिने तसे कॉल घेतले, नंतर दुपारी तीनला डोकं चालेनासं झालं. आता सांगते की दोन कॉल करू, मी दोन्हींत असेन आणि बारा तासांत दोघांना एकच टिपण पाठवेन. कोणीही नाही म्हटलेलं नाही, विचारायलाच मी घाबरत होते.

लाईटचं म्हणाल तर कोकणात जून-जुलैत झाड पडून तार तुटणं, फायबर तुटणं हे गृहीत धरा. इन्व्हर्टर तर हवाच, पण राउटरला वेगळा छोटा यूपीएस लावा, कारण लाईट गेल्यावर इन्व्हर्टर चालू व्हायच्या त्या दोन सेकंदांत राउटर बंद होतो आणि परत उठायला तीन-चार मिनिटं घेतो, तेवढ्यात तुम्ही मंत्रालयाच्या सचिवासमोरून गायब. दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं ठेवा. मीटिंगच्या सुरुवातीलाच सांगा की मी गेले तर अमुक जण पुढे चालवेल, आणि त्या माणसाला आधी विचारून ठेवा. सगळे कागद ऑफलाइन उतरवून ठेवा.

घरच्यांना वेळापत्रक द्या. आमच्याकडे स्वयंपाकघरात फ्रिजवर आठवड्याचा कागद लावलेला असतो. तरी संध्याकाळी साडेसातच्या कॉलला दारातून "गो, जेवान निवलां" ऐकू येतंच, आणि मी आता म्यूट बटणावरून बोट काढत नाही.

फिजीच्या नकाशातली रिकामी जागा

हे सविस्तर सांगते कारण यातूनच मी हे काम शिकले. एका संस्थेसाठी फिजीच्या एका किनाऱ्याचं सागरी नियोजनाचं टिपण करत होते. घरी बसून, जागतिक संरक्षित क्षेत्रांचा डेटाबेस उघडून, क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये थर चढवून. नकाशावर त्या पट्ट्यात काहीच नव्हतं, म्हणून मी लिहिलं की इथे संरक्षण नाही, मासेमारीबंद क्षेत्र प्रस्तावित करावं. नकाशा देखणा झाला होता.

सुवाच्या सहकाऱ्याने मसुदा वाचून फोन केला. आवाज चढवला नाही, फक्त विचारलं की तुम्ही ज्याला रिकामं म्हणताय ते गोलीगोली आहे हे माहीत आहे का. गोलीगोली म्हणजे तिथल्या कुळांचं परंपरेने चालत आलेलं मासेमारीचं क्षेत्र. त्यातला काही भाग गाव स्वतः ठराविक काळ बंद ठेवतं, त्याला ते तांबू म्हणतात, आपण इंग्रजीत टाबू वाचतो तोच शब्द. गावप्रमुख वारला तर त्याच्या मानासाठी शंभर रात्री समुद्राचा भाग बंद ठेवायची रीत आहे. माझ्या रिकाम्या जागेतला अर्धा भाग तेव्हा बंदच होता. डेटाबेसमध्ये नव्हता, एवढंच.

मला मालवण आठवलं. 1987 ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं, 29.12 चौरस किलोमीटर, आणि मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, कारण आपल्याला न विचारता आपल्या समुद्रावर रेघ ओढली ही भावना. मी इथे लहानपणापासून ते ऐकत आलेय आणि तरी मी बारा हजार किलोमीटरवरून तेच केलं. सहकाऱ्याला मी मग आपलं सांगितलं, की आमच्याकडे 1 जून ते 31 जुलै सरकारी मासेमारीबंदी असते पण कायदा नव्हता तेव्हाही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय जुनी माणसं होडी लोटत नव्हती. तो हसला, म्हणाला मग तुम्हाला कळतंय. पुढचा मसुदा आम्ही दोघांनी लिहिला, त्यात 'प्रस्तावित' च्या जागी 'गावांनी राखलेल्या बंदीला कायद्यात मान्यता' असं आलं.

तेव्हापासून माझे नियम आहेत. त्या देशातला सहलेखक नसेल तर काम घेत नाही, आणि त्याचे दिवस आणि पैसे बजेटमध्ये वेगळे दाखवायला लावते, 'स्थानिक सहकार्य मिळेल' असं गुळमुळीत चालत नाही. डेटा नाही याचा अर्थ तिथे काही नाही असं लिहीत नाही. आणि मसुदा द्यायच्या आधी एक तासाचा कॉल, ज्यात मी नकाशा दाखवते आणि फक्त विचारते, यात काय चुकलंय.

कॉप घरून बघताना

सर्वसाधारण सभा लाइव्ह दिसतात आणि अर्थ निगोशिएशन्स बुलेटिन या वाटाघाटींच्या वार्तापत्राचे रोजचे सारांश येतात, तेवढ्यावर बरंच काम होतं. पण छोट्या गटांत, कॉरिडॉरमध्ये जे होतं ते दिसत नाही. 2024 ची काली शहरातली परिषद, म्हणजे कॉप-16, आठवते. शेवटची रात्र लांबत गेली, कोलंबियात शनिवारची सकाळ, आपल्याकडे पाडव्याची संध्याकाळ, बाहेर पणत्या लावलेल्या आणि मी लॅपटॉपसमोर. मूळनिवासी आणि स्थानिक समुदायांसाठीच्या कायम उपसंस्थेचा आणि जनुकीय माहितीच्या निधीचा, ज्याला काली फंड म्हणतात, निर्णय आधी झाला होता, मला रडू आलं होतं तेव्हा. मग पैशांचा मुद्दा आला आणि गणपूर्तीच राहिली नाही, प्रतिनिधी विमानं पकडायला निघून गेले होते. सभा तहकूब. छोट्या, गरीब देशांचे प्रतिनिधी तिकीट बदलू शकत नाहीत हे स्क्रीनवर कुठेच दिसत नव्हतं, तिथल्या एका मैत्रिणीच्या मेसेजमधून कळलं. उरलेलं काम फेब्रुवारी 2025 मध्ये रोमला पूर्ण झालं. म्हणून परिषदेच्या काळात आत असलेला एक तरी माणूस ठरवून ठेवा, रोज दहा मिनिटं, बदल्यात तुम्ही त्याला मसुद्यांची तुलना करून द्या. त्याला तिथे वाचायला वेळ नसतो आणि तुमच्याकडे तोच असतो.

माहिती देताना सांभाळा

परदेशी संस्थेसाठी काम करताना इथली माहिती सहज पाठवली जाते, आणि इथे लोक चुकतात. जैविक विविधता कायद्याने परदेशी व्यक्ती किंवा संस्थेला भारतातली जैविक संसाधनं आणि त्याच्याशी जोडलेलं ज्ञान घ्यायचं तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे नोंदवहीतली एखाद्या वैदूने सांगितलेली माहिती 'उदाहरण म्हणून' मेलला जोडायची नाही. दुर्मीळ प्रजातींचे अक्षांश-रेखांश तर मी कोणालाच देत नाही, नकाशात मोठा चौकोन दाखवते. आंबोलीच्या हिरण्यकेशीच्या कुंडातला तो छोटा मासा, ज्याच्यासाठी 2021 ला जागा वारसा स्थळ झाली, तो मत्स्यालयांच्या शौकिनांना हवा असतो, जगाला पत्ता सांगून आपण काय कमावणार.

पैसे

पैसे महिन्याला येत नाहीत, कामाच्या टप्प्यावर येतात, आणि 'मंजूर झाल्यावर'. मंत्रालयाकडून अभिप्राय यायला चार महिने लागले तर तुमचे पैसेही चार महिने लांबतात. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असल्याशिवाय नोकरी सोडू नका. छोट्या संस्थांबरोबर करारात घालून घ्या की पंधरा कामाच्या दिवसांत अभिप्राय आला नाही तर मसुदा मान्य समजला जाईल, आणि फेरदुरुस्त्या दोनच.

युएनचं कन्सल्टंटचं उत्पन्न करमुक्त असतं ही अफवा आहे, इथे राहत असाल तर इथे कर भरायचा. परकीय चलनात आलेल्या सल्ल्याच्या पैशांवर जीएसटी अटी पूर्ण असतील तर शून्य दराने, त्यासाठी नोंदणी असल्यास दर आर्थिक वर्षाला एलयूटी म्हणजे हमीपत्र भरायला लागतं. पण तेच काम संस्थेच्या भारतातल्या ऑफिसने रुपयांत दिलं तर ती निर्यात धरली जाईलच असं नाही. आगाऊ कराच्या तारखा 15 जून, 15 सप्टेंबर, 15 डिसेंबर, 15 मार्च, त्या फ्रिजवरच्या कागदावर आहेत आमच्याकडे. बँकेकडून प्रत्येक रकमेची परकीय चलनाची पावती मागून घ्या, मधल्या बँका थोडे पैसे कापतात ते बिलात धरा, आणि निर्यात सेवांचं काम बघणारा सीए शोधा, नेहमीचा दुकानांचं बघणारा असेल तर त्याला हे नवीन असतं.

शेवटचं बिल पाठवायच्या आधी मी एक काम करते जे कुठल्याच टीओआरमध्ये नसतं. ज्यांच्याशी बोलून अहवाल केला त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत एक पान, त्यांनी काय सांगितलं आणि त्याचं आम्ही काय केलं. भाषांतराचे पैसे आधीच बजेटमध्ये दोन दिवस म्हणून घालून ठेवते. फिजीचं ते पान सहकाऱ्याने गावाच्या सभेत वाचून दाखवलं आणि एका म्हाताऱ्या बाईंनी त्यातलं बंदी क्षेत्राचं एक नाव दुरुस्त करून दिलं, अंतिम अहवालात आम्ही ते बदललं आणि मग बिल पाठवलं.